फॅक्टरी कनेक्शन देते, बोली देत नाही

निपाणीच्या एका तरुण प्रोग्रामरने विचारलं आहे, थोडक्यात असं: "आमचं छोटं ऑफिस आहे. तंबाखूच्या वखारी आणि पतसंस्था यांच्यासाठी सी शार्पमध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. वखारवाल्यांकडे अ‍ॅक्सेसची फाईल आहे, पतसंस्थांकडे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, आणि आता गडहिंग्लजचा एक ग्राहक मायएसक्यूएलच पाहिजे म्हणून बसलाय. चाळीसेक फॉर्म आहेत आणि प्रत्येकात कुठे 'न्यू एसक्यूएलकनेक्शन', कुठे 'न्यू ओएलईडीबीकनेक्शन' लिहिलंय. आमचे सर म्हणतात, फॅक्टरी पॅटर्न वापर, म्हणजे डेटाबेस कुठलाही असो, कोड तोच राहील. खरंच राहील का? सुरुवात कुठून करू? आणि कनेक्शन स्टॅटिक ठेवलं तर चालेल का?"

कनेक्शनचा कोड तोच राहील. बाकीचा राहणार नाही. तुमचे सर अर्धं खरं सांगतायत, आणि ज्या अर्ध्याबद्दल ते बोलत नाहीत त्यातच तुमचे पुढचे सहा महिने जाणार आहेत. मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत बसून वीसेक वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्येही अगदी तुमच्यासारखंच प्रत्येक फॉर्ममध्ये कनेक्शन पेरलेलं होतं. त्यामुळे हे उपदेश म्हणून वाचू नका.

आधी नावाचा घोळ मिटवू. फॅक्टरी पॅटर्न म्हणजे वस्तू (ऑब्जेक्ट) बनवण्याचं काम चाळीस ठिकाणी न विखुरता एकाच ठिकाणी सोपवणं. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 'पॅटर्न' म्हटलं की कुणाला सॉफ्टवेअर आठवत नाही, फाउंड्रीतला लाकडी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न आठवतो. तो वाळूत दाबायचा, साचा तयार करायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. एकदा एका पॅटर्नमेकरशी चहा पिता पिता मी विचारलं, एकाच पॅटर्नवर बिडाचं आणि स्टीलचं असे दोन्ही कास्टिंग काढता येतात का? तो हसलाच. साचा होईल हो, पण माप चुकेल. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, स्टील साधारण २ टक्के. तेवढी वाढ पॅटर्नमध्ये आधीच धरावी लागते आणि ती धातूप्रमाणे बदलते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. फॅक्टरी तुम्हाला साचा देते. आत ओतला जाणारा धातू, म्हणजे प्रत्यक्ष डेटाबेस, किती आकसतो ते तुम्हालाच धरावं लागतं.

आता साच्याकडे येऊ. सी शार्प ज्यावर चालतं ते मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट २००२ साली आलं तेव्हा प्रत्येक डेटाबेससाठी वेगळे क्लास होते: एसक्यूएल सर्व्हरसाठी एसक्यूएलकनेक्शन, अ‍ॅक्सेससाठी ओएलईडीबीकनेक्शन वगैरे. त्यांच्यावर आयडीबीकनेक्शन, आयडीबीकमांड असे समाईक इंटरफेस होते खरे, पण वस्तू 'तयार' करताना शेवटी नाव घ्यावंच लागायचं. म्हणून आम्ही सगळेजण स्वतःचा एक क्लास लिहायचो, त्यात एक लांबलचक स्विच: अ‍ॅक्सेस असेल तर हे, एसक्यूएल सर्व्हर असेल तर ते. तीही फॅक्टरीच, घरगुती. २००५ साली डॉट नेट २.० सोबत हे काम मायक्रोसॉफ्टनेच करून दिलं. सिस्टिम डेटा कॉमन या नेमस्पेसमध्ये डीबीप्रोव्हायडरफॅक्टरी नावाचा अमूर्त क्लास आला. प्रत्येक डेटाबेसचा प्रोव्हायडर, म्हणजे त्या डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, आपली फॅक्टरी त्यातून बनवतो. ती एक फॅक्टरी हातात आली की कनेक्शन, कमांड, पॅरामीटर, डेटाअ‍ॅडॅप्टर, कनेक्शनस्ट्रिंगबिल्डर असं सगळं कुटुंब एकाच घरातलं मिळतं. पुस्तकी भाषेत हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी. नावापेक्षा 'एकाच घरातलं' हे महत्त्वाचं आहे: एसक्यूएल सर्व्हरच्या कमांडला अ‍ॅक्सेसचा पॅरामीटर जोडला जाण्याची चूक इथे होऊच शकत नाही.

कोड एवढाच आहे. नावं देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजीत टंकायची.

सेटिंग = कॉन्फिगरेशनमॅनेजर.कनेक्शनस्ट्रिंग्ज["मुख्य"]
फॅक्टरी = डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीज.गेटफॅक्टरी(सेटिंग.प्रोव्हायडरनेम)
कनेक्शन = फॅक्टरी.क्रिएटकनेक्शन()
कनेक्शन.कनेक्शनस्ट्रिंग = सेटिंग.कनेक्शनस्ट्रिंग
कनेक्शन.ओपन()

यात एकाही डेटाबेसचं नाव नाही. नाव आहे ते कॉन्फिग फाईलमध्ये: कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेस कुठे आहे आणि त्यात कसं शिरायचं ते सांगणारी ओळ) आणि तिच्या शेजारी प्रोव्हायडरनेम. वखारीत एक कॉन्फिग, पतसंस्थेत दुसरी, गडहिंग्लजला तिसरी. तिन्हीकडे प्रोग्राम तोच.

हा निर्णय एकाच ठिकाणी का असावा, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. निपाणीहून माल चिक्कोडीला गेला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. तोच माल कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेला की आयजीएसटी. ट्रक तोच, तंबाखू तोच, फक्त राज्याचा कोड २९ चा २७ झाला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये '२९ असेल तर' ही ओळ चाळीस फॉर्ममध्ये लिहिलेली आहे का? नसणार. एका फंक्शनमध्ये असणार. डेटाबेसलाही तीच वागणूक द्या. मी स्वतः हा धडा वेगळ्याच वाटेने शिकलो. आपण बोलताना बेळगावच म्हणतो, पण सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून ते बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुरा, गुलबर्ग्याचं कलबुर्गी. माझ्या रिपोर्टांत शहराची नावं कोडमध्येच ठोकलेली होती. ती शोधून काढता काढता दिवाळीनंतरचे दोन आठवडे गेले, आणि जिथे जिथे नाव सापडलं तिथे शेजारीच एक कनेक्शन स्ट्रिंगही सापडली. दोन्ही एकाच वेळी बाहेर काढली.

आता साच्यातले खड्डे. पहिला: प्रोव्हायडर नोंदलेला नसणे. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये गेटफॅक्टरी ही यादी मशिन कॉन्फिगमधून आणि तुमच्या स्वतःच्या कॉन्फिगमधून वाचते. एसक्यूएल सर्व्हर, ओएलईडीबी आणि ओडीबीसी आधीपासून असतात. मायएसक्यूएलचा असतो फक्त त्याचं कनेक्टर इन्स्टॉल केलेल्या मशीनवर. म्हणजे तुमच्या ऑफिसात चालतं आणि गडहिंग्लजला 'मागितलेला डेटा प्रोव्हायडर सापडत नाही' म्हणून अंगावर येतं. कनेक्टरची डीएलएल प्रोग्रामसोबत द्या आणि आपल्याच अ‍ॅप कॉन्फिगमध्ये डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीज या भागात नोंद करा. आधी रिमूव्हची ओळ, मग अ‍ॅडची. रिमूव्ह विसरलात तर ज्या मशीनवर कनेक्टर आधीच इन्स्टॉल आहे तिथे दुबार नोंदीची तक्रार येईल. नव्या डॉट नेटमध्ये मशिन कॉन्फिग हा प्रकारच नाही. कोअर २.१ पासून डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीज परत आलं, पण रिकामं. तिथे प्रोग्राम सुरू होतानाच रजिस्टरफॅक्टरी स्वतः बोलवावं लागतं.

दुसरा खड्डा अ‍ॅक्सेसचा आणि तो नवख्यांना हमखास गाठतो. कॉन्फिगमधला प्रोव्हायडरनेम म्हणजे डॉट नेटचा प्रोव्हायडर. अ‍ॅक्सेसच्या कनेक्शन स्ट्रिंगच्या आत आणखी एक 'प्रोव्हायडर' असतो, जेट ४.० किंवा एसीई १२.०, म्हणजे प्रत्यक्ष फाईल वाचणारं इंजिन. हे दोन वेगळे. शिवाय जेट फक्त ३२ बिटमध्ये आहे. प्रोग्राम 'एनी सीपीयू' ठेवून बांधला आणि ६४ बिट विंडोजवर चालवला की 'प्रोव्हायडर या मशीनवर नोंदलेला नाही' असा निरोप येतो, आणि माणूस फॅक्टरीला शिव्या घालत बसतो. तिचा काही दोष नाही. प्रोग्राम एक्स८६ (३२ बिट) म्हणून बांधा, किंवा एसीई त्याच बिटचं घाला.

तिसरा नवा आहे. एसक्यूएल सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टने आता वेगळं पॅकेज काढलंय, मायक्रोसॉफ्ट डेटा एसक्यूएलक्लायंट. त्याच्या ४.० आवृत्तीपासून कनेक्शन एन्क्रिप्ट करणं हे आपोआप चालू असतं. पतसंस्थेच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवर कसलं आलंय विश्वासार्ह सर्टिफिकेट? जुन्या पॅकेजवर बिनबोभाट चालणारी स्ट्रिंग नव्यावर सर्टिफिकेटची तक्रार करते. खरा उपाय सर्टिफिकेट बसवणं हाच. एकाच खोलीतल्या नेटवर्कवर लोक 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' लावून मोकळे होतात. मीही झालोय, पण शाखा इंटरनेटवरून जोडलेल्या असतील तिथे ते करू नका.

कनेक्शन स्ट्रिंग स्वतः जोडत बसू नका, हेही इथेच सांगतो. एसक्यूएल सर्व्हर 'डेटा सोर्स' आणि 'इनिशियल कॅटलॉग' म्हणतो, मायएसक्यूएल 'सर्व्हर' आणि 'डेटाबेस', पोस्टग्रेसचा प्रोव्हायडर 'होस्ट'. ही अख्खी ओळ कॉन्फिगमध्येच राहू द्या.

इथपर्यंत आलात की कनेक्शन उघडतं, आणि इथेच बहुतेक लोक 'झालं' म्हणतात.

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत माझं सॉफ्टवेअर होतं. मुख्य शाखेत एसक्यूएल सर्व्हर, एका लहान शाखेत अ‍ॅक्सेस. फॅक्टरी नवीन बसवली होती आणि मी खुशीत होतो. आठवड्याने लहान शाखेतून फोन: "काय तर चुकालंय बघा हो, ठेवपावतीवर." जाऊन बघतो तर बारा महिन्यांची आठ टक्क्यांची ठेव आठ महिन्यांची बारा टक्क्यांची झालेली. कुठेही एरर नाही. मुख्य शाखेत तोच प्रोग्राम, तोच फॉर्म, सगळं बरोबर.

कारण असं. पॅरामीटर म्हणजे एसक्यूएलमध्ये मागाहून भरायच्या किमतीसाठी सोडलेली जागा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटर नावाने जुळतो: एसक्यूएलमध्ये @दर लिहिलं आणि पॅरामीटरचं नाव @दर असलं की क्रम कसाही चालतो. ओएलईडीबीमध्ये नावाकडे कुणी बघतच नाही, फक्त क्रम बघतात. अ‍ॅक्सेस तुमचं @दर निमूटपणे स्वीकारतो, म्हणून तर चूक लपते. मी एसक्यूएलमध्ये आधी दर, मग मुदत लिहिली होती आणि पॅरामीटर जोडताना आधी मुदत, मग दर. दोन्ही आकडेच, त्यामुळे टाइपचीही तक्रार नाही. त्या शाखेच्या सत्तावीस पावत्या मी मॅनेजरच्या समोर बसून एकेक तपासल्या. माणूस भला, वर कुंदा खायला घातला, पण ती दुपार मी विसरलेलो नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम: कुठलाही डेटाबेस असो, पॅरामीटर एसक्यूएलमध्ये ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने जोडायचे, आणि एकच पॅरामीटर एका एसक्यूएलमध्ये दोनदा वापरायचा नाही. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस तिघांनाही @ चालतं आणि अ‍ॅक्सेस क्रमाने घेतो, म्हणून तुमच्या तिन्ही ग्राहकांना हा एकच नियम पुरतो. उद्या ओरॅकल आला तर तो : मागेल, ओडीबीसी ? मागेल. तेव्हा पॅरामीटरची खूण एका फंक्शनमधून घ्या. कुणी सांगेल की गेटस्कीमा बोलावून डेटासोर्स इन्फर्मेशनमधून ही खूण आपोआप मिळते. कल्पना छान आहे, पण एसक्यूएल सर्व्हरचा जुना प्रोव्हायडर तिथे @ सोडूनच फॉर्मॅट देतो. मी त्या नादाला एकदा लागलो होतो. चार ओळींचं स्वतःचं फंक्शन बरं.

बोलीतले, म्हणजे प्रत्येक डेटाबेसच्या एसक्यूएल लिहिण्या-समजण्याच्या ढंगातले, असे फरक अनेक आहेत. सगळे सांगत नाही, वखार आणि पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला जे चावतात तेवढे सांगतो.

हो-नाही: अ‍ॅक्सेसमध्ये 'हो' म्हणजे -१, एसक्यूएल सर्व्हरच्या बिटमध्ये १, मायएसक्यूएलमध्ये टायनीइंट १. त्यामुळे 'चालू = १' असं लिहिलेला सभासदांचा रिपोर्ट अ‍ॅक्सेसवर कोरा येतो. '<> ०' लिहा, तिन्हीकडे चालतं.

शोध: अ‍ॅक्सेसच्या खिडकीत बसून क्वेरी लिहिताना लाइकसोबत * चालतं. तीच क्वेरी ओएलईडीबीतून गेली की % लागतं. अ‍ॅक्सेसमध्ये तपासून पाहिली, चालली, आणि प्रोग्राममध्ये एकही ओळ आली नाही, असं झालं की आधी हे बघा.

पहिले दहा: अ‍ॅक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये शेवटी लिमिट. वर अ‍ॅक्सेसचा टॉप बरोबरीतल्या ओळीही देतो, म्हणजे दहा मागितले तर अकरा येतील. क्रम लावताना शेवटी प्रायमरी की जोडली की बरोबरी संपते.

तारीख: एसक्यूएलच्या मजकुरात तारीख कधीच चिकटवायची नाही. ५ एप्रिलची नोंद ४ मे ला जाऊन बसते आणि ते कळतं मार्चअखेरच्या ताळेबंदाला. पॅरामीटर वापरा. तरीही अ‍ॅक्सेसचं एक लचांड उरतंच. डेटटाइमचा पॅरामीटर मिलिसेकंदांसकट गेला की 'डेटा टाइप जुळत नाही' म्हणतो. सेकंदापर्यंत कापून पाठवायचा.

पैसे: डबलमध्ये ठेवू नका, डेसिमलमध्ये ठेवा. एसक्यूलाइट वापरण्याचा मोह झाला तर लक्षात असू द्या की त्याच्याकडे खरा डेसिमल टाइपच नाही, अपूर्णांक तो फ्लोटिंग पॉइंट म्हणून साठवतो. तिथे पैसे पूर्णांकात साठवावेत, रुपयांत नव्हे, पैशांत.

आणि लिपी. हा आपल्या भागाचा खास विषय, म्हणून जरा थांबतो. हुक्केरीचा सभासद आपलं नाव कन्नडमध्ये लिहितो, खानापूरचा मराठीत, पॅनकार्डावर इंग्रजीत. तिन्ही एकाच तक्त्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारकॅर असला तरी एसक्यूएलच्या मजकुरात नाव थेट चिकटवलं आणि आधी एन लावायला विसरलात, तर पासबुकावर '?????' छापून येतं. पॅरामीटर वापरला आणि त्याचा डीबीटाइप स्ट्रिंग ठेवला की हा प्रश्न येत नाही. अ‍ॅन्सीस्ट्रिंग ठेवलात तर पुन्हा येतो. मायएसक्यूएलचा मूळ कॅरॅक्टर सेट ८.० आवृत्तीच्या आधी लॅटिन१ असायचा, म्हणून जुन्या सर्व्हरवर डेटाबेस बनवतानाच यूटीएफ८एमबी४ सांगा. ओरॅकलचा व्हारकॅर२ तर अक्षरं मोजतच नाही, मूळ सेटिंगमध्ये बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, कन्नडचंही. २० चा कॉलम केलात तर 'बेळगाव' बसतं, कारण मात्रा धरून सहा चिन्हं, अठरा बाइट. 'खानापूर' बसत नाही, सात चिन्हं, एकवीस बाइट. चिक्कोडीचं तर नावच नको. म्हणून ओरॅकलवर कॉलम बनवताना लांबीपुढे 'कॅर' लिहायचं.

क्रमवारीतही गंमत होते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. बायनरी क्रम लावणारा डेटाबेस आणि भाषेचे नियम जाणणारा कोलेशन यांची सभासद यादी वेगवेगळी येऊ शकते. मतदार यादी छापायची असेल तर क्रम प्रोग्राममध्ये लावा, डेटाबेसवर सोडू नका. आणि जुना डेटा श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टांमधला असेल, तर तो मुळात युनिकोड नाहीच. त्याचं रूपांतर हे वेगळंच काम, फॅक्टरीच्या आधी करायचं.

मग हे सगळं ठेवायचं कुठे? फॅक्टरीच्या शेजारी आणखी एक क्लास बनवा. मी त्याला सरळ 'बोली' म्हणतो. एक समाईक इंटरफेस आणि प्रत्येक डेटाबेसची एक बोली: अ‍ॅक्सेसबोली, एसक्यूएलसर्व्हरबोली, मायएसक्यूएलबोली. कुठली वापरायची ते प्रोव्हायडरनेमवरूनच ठरतं. म्हणजे खरी फॅक्टरी तुमची स्वतःची, आणि मायक्रोसॉफ्टची फॅक्टरी तिच्या पोटात.

या बोलीत काय असावं, यावर मी दोनदा चुकलोय. पहिल्यांदा मी 'शेवटचा क्रमांक मिळवण्याचं एसक्यूएल दे' अशी मेथड ठेवली. एसक्यूएल सर्व्हरला स्कोपआयडेंटिटी, मायएसक्यूएलला लास्टइन्सर्टआयडी, अ‍ॅक्सेसला @@आयडेंटिटी. हे तुकडे इन्सर्टच्या पुढे जोडून एकाच कमांडमध्ये पाठवले. अ‍ॅक्सेस एका कमांडमध्ये दोन विधानं घेतच नाही. पोस्टग्रेसला तर वेगळं विधान नको असतं, इन्सर्टच्याच शेपटीला रिटर्निंग लागतं. मग मेथड बदलली: 'ही ओळ घाल आणि तिचा नवा क्रमांक मला दे.' कसं ते ज्याने त्याने आपल्या बोलीत ठरवावं. अ‍ॅक्सेसबोली त्याच उघड्या कनेक्शनवर दुसरी कमांड पाठवते, बाकीच्यांचं बाकीचे बघतात. एसक्यूएलचे तुकडे मागू नका, काम सांगा. आणि एसक्यूएल सर्व्हरवर @@आयडेंटिटी चालतं म्हणून तेच सगळीकडे ठेवू नका. टेबलावर ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) असेल आणि तो दुसऱ्या टेबलात नोंद घालत असेल, तर तुम्हाला त्या दुसऱ्या टेबलाचा क्रमांक मिळतो. पावतीवर तो छापला गेला की शोधत बसा.

चुकांचाही अनुवाद बोलीतच करा. सगळे प्रोव्हायडर डीबीएक्सेप्शनपासून उतरलेली चूक फेकतात, त्यामुळे पकडणं सोपं आहे, समजणं नाही. 'हा सभासद क्रमांक आधीच आहे' हे एसक्यूएल सर्व्हर २६२७ किंवा २६०१ म्हणून सांगतो, मायएसक्यूएल १०६२, पोस्टग्रेस २३५०५, ओरॅकल ओआरए-००००१. फॉर्मला यातला एकही आकडा कळता कामा नये. बोलीने 'दुबारनोंद' नावाची आपली चूक फेकावी, फॉर्मने मराठीत निरोप दाखवावा.

तुमचे सर जावामधून आले असतील तर म्हणतील, जेडीबीसीत, म्हणजे जावाच्या डेटाबेस जोडणीत, हे सगळं आयतं आहे. कनेक्शनपुरतं आहे, ड्रायव्हरमॅनेजर ही फॅक्टरीच. २००६ च्या जावा ६ पासून ड्रायव्हरचं नाव घेऊन क्लास लोड करायचीही गरज उरली नाही. पीएचपीत त्याच कामासाठी पीडीओ आहे. पायथनच्या पेप २४९ या डेटाबेस-नियमावलीने तर पॅरामीटरच्या खुणेचे पाच प्रकार मान्य करून ठेवलेत आणि प्रत्येक मॉड्यूलने आपला कुठला ते जाहीर करायचं. बोलीचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा आहे. एन्टिटी फ्रेमवर्कसारखं ओआरएम (तुमच्या क्लासवरून एसक्यूएल स्वतः तयार करणारं साधन) बोलीचं बरंच ओझं उचलतं, पण अ‍ॅक्सेससाठी त्याचा आधार भक्कम नाही, आणि चालू असलेले चाळीस फॉर्म त्यावर नेणं म्हणजे घर पाडून बांधणं.

मुळात हे करावं का, हेही स्वतःला विचारा. तुमच्याकडे तीन डेटाबेसचे खरे, पैसे देणारे ग्राहक आहेत, म्हणून करा. 'उद्या कुणी ओरॅकल मागेल' एवढ्यावर मी एक ओळही लिहिणार नाही. प्रत्येक बोली म्हणजे तपासणीचं काम तितक्या पटीने. आणि तपासणी खऱ्या डेटाबेसवरच करायची. एसक्यूलाइटवर सगळं हिरवं आलं म्हणजे अ‍ॅक्सेसवर ठेवपावती बरोबर छापेल असं नाही. खरं तर मी तुमच्या जागी असतो तर वखारवाल्यांशी बोललो असतो. अ‍ॅक्सेसच्या फाईलला २ जीबीची मर्यादा आहे, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे आणि २००८ आर२ पासून डेटाबेसला निदान १० जीबीपर्यंत जागा देतो. त्यांना तिकडे हलवलंत तर वर सांगितलेल्यातल्या निम्म्या भानगडी कायमच्या जातात. एक बोली कमी करणं हे नवी बोली लिहिण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

सुरुवात कुठून? चाळीस फॉर्म एकदम उघडू नका. आधी फॅक्टरी आणि एसक्यूएलसर्व्हरबोली लिहा, कारण तुमचे जास्त ग्राहक तिथे दिसतात. मग सगळ्यात निरुपद्रवी फॉर्म घ्या, गावांची यादी वगैरे, आणि तो नव्या वाटेने चालवा. मग अ‍ॅक्सेसबोली आणि तोच फॉर्म पुन्हा. दोन्हीकडे चालला की पावतीचा फॉर्म घ्या, कारण क्रमांक, तारीख, पैसे, नाव सगळे खड्डे त्या एकाच फॉर्ममध्ये आहेत. तो सुटला की बाकीचे अडतीस हमाली आहे, रोज दोन-तीन होतात. मायएसक्यूएल सगळ्यात शेवटी. गडहिंग्लजच्या ग्राहकाला तारीख देताना हे धरून द्या. शेवटी अख्ख्या प्रोजेक्टमध्ये 'न्यू एसक्यूएलकनेक्शन', 'न्यू ओएलईडीबीकमांड' असं शोधा. एकही ओळ सापडली नाही पाहिजे. सापडली तर ती नक्की घाईत दुरुस्त केलेल्या रिपोर्टमध्ये असेल.

राहिला स्टॅटिकचा, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामसाठी एकच वस्तू ठेवण्याचा, प्रश्न. फॅक्टरी स्टॅटिक ठेवा, बोलीही ठेवा. त्यांच्यात साठवलेलं काही नसतं आणि प्रोव्हायडरच्या फॅक्टऱ्या मुळातच एकेकच असतात. कनेक्शन मात्र अजिबात नाही. दोन फॉर्म एकाच वेळी उघडले की एकाचा डेटारीडर चालू असताना दुसरा त्याच कनेक्शनवर कमांड टाकतो आणि भांडण लागतं, एकाने ट्रान्झॅक्शन सुरू केलं तर दुसऱ्याच्या नोंदी त्यात अडकतात. 'पण सारखं उघडबंद केलं तर हळू चालेल ना?' नाही चालत. क्लोज केलेलं कनेक्शन खरं तर बंद होत नाही, पूलमध्ये, म्हणजे उघड्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत जातं आणि पुढच्याला तेच मिळतं. पूल कनेक्शन स्ट्रिंगवर ठरतो, ओळ तंतोतंत तीच असली तर पूल तोच. ओळ कॉन्फिगमधून घेण्याचा हा आणखी एक फायदा. एसक्यूएल सर्व्हरच्या पूलमध्ये मुळात १०० जागा असतात. कुणी क्लोज करायला विसरत राहिलं तर त्या संपतात आणि दुपारी तीनच्या सुमारास, काउंटरवर गर्दी असताना, पूलमधून कनेक्शन मिळत नसल्याचा टाइमआउट येतो. म्हणून प्रत्येक कनेक्शन यूझिंगच्या कंसात घ्या, काम झालं की सोडा. आणि कंसाच्या आत मेसेज बॉक्स दाखवू नका. क्लार्क चहाला गेला की तो मेसेज तसाच उघडा राहतो, आणि कनेक्शनही.